विल्फ स्टॅथर्सचा तीन फुटांचा पाया

विल्फ स्टॅथर्सने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांचे पाये खणले, आणि त्याच्या स्वतःच्या घरामागच्या काचखोलीत मात्र वाटाणा खाली पडला की तो थेट बागेच्या दारापर्यंत घरंगळत जायचा. हे मी ऐकीव सांगत नाही. एकतीस वर्षं मी त्यांच्या शेजारी राहते आहे. त्यातले शे-दीडशे वाटाणे मी स्वतःच्या हाताने त्या दाराच्या चौकटीतून वेचले आहेत.

वाटाणेच का, तर विल्फची बायको नोरीन इंग्लंडातल्या आमच्या हल शहराजवळच्या वाटाणे गोठवायच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं सरकत्या पट्ट्यापाशी उभी होती. तिच्या घरी वाटाण्याशिवाय ताट वाढलं जात नाही. मासा असो, मांस भरून भाजलेली पाय असो, रविवारचं मटण असो, बाजूला हिरवा ढीग असायचाच. आणि ढीग म्हटला की चार दाणे खाली पडणार.

"गेला बघ," नोरीन म्हणायची. "विजी, अगं, तुझ्या पायाशी येतोय, अडव त्याला."

वैजयंती हे नाव इथे कुणाच्या जिभेला झेपलं नाही, त्यामुळे मी सगळ्यांची विजी. सव्वीस वर्षं मी नगरपालिकेच्या इमारत खात्यात कारकून होते. बांधकामाची तपासणी करून साहेब लोक परत आले की त्यांचे शेरे टाईप करायचं काम माझं. म्हणून सांगते, विल्फचं नाव मला तो शेजारी होण्याआधीपासून माहीत होतं. नकाशात तीन फूट खोल लिहिलं असेल तर विल्फ चार फूट खणायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "वरचं सगळं तुम्हाला नंतर बदलता येतं. खालचं एकदाच." आमच्या खात्यात त्या जादाच्या फुटाला नावच पडलं होतं, एक स्टॅथर्स. "खड्डा बरा आहे, पण एक स्टॅथर्स कमी आहे," असं साहेब नवशिक्या ठेकेदारांना सुनवायचे.

असा हा माणूस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी त्याला किती वेळा ऐकवली असेल. अर्थ समजावून सांगितला की तो मान डोलवायचा आणि म्हणायचा, "दगड चांगला असतो पायाला."

काचखोली त्याने बांधली १९९० साली, ऑगस्टच्या सुट्टीच्या सोमवारी. म्हणजे शनिवारी सुरुवात, सोमवारी संध्याकाळी काचा बसलेल्या. मंगळवारी नोरीनची आई राहायला येणार होती, आणि तिला लेकीचा हा नवा थाट दाखवायचा होता. विल्फसोबत क्लबातले चार मित्र आणि बियरची पेटी. अशा खोलीला, घर आणि तिच्यामधलं दार शाबूत असेल तर, नगरपालिकेची परवानगी लागत नसे. त्यामुळे ना तपासनीस, ना नकाशा. पुढच्या शनिवारी क्लबात कुणीतरी विचारलं, "पाया किती घेतलास रे?" विल्फने ग्लास खाली न ठेवता सांगितलं, "तीन फूट." आणि ते तीन फूट तेहतीस वर्षं टिकले. खोलीच्या उताराचा विषय निघायचा तेव्हा तो म्हणायचा, जमीनच तशी आहे, चिकणमाती आहे, माती हलते, पाया जागेवर आहे. आणि टेबलाच्या पायाखाली क्लबातून आणलेले ग्लासाखालचे पुठ्ठे सरकवायचा. दोन-तीन वर्षांतून एक पुठ्ठा वाढायचा.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये नोरीनने सगळ्यांसमोर आपली इच्छा सांगितली. सप्टेंबरच्या पंधरा तारखेला त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. दोघं भेटले ते नाचघरात. नोरीन सांगते की त्या रात्री विल्फच्या बुटांना माती होती, पण पावलं बरोबर पडत होती. पुढे घर झालं, मुलगी झाली, गुडघा गेला, गुडघा नवा बसला. गुडघा नवा बसल्यावर तिला पुन्हा नाचायचं होतं.

"मला हॉटेल नको, हॉल नको," ती म्हणाली. "मला माझ्या घरात नाचायचंय. मधलं दार काढा, काचेच्या छपराच्या जागी चांगलं कौलारू ऊबदार छप्पर घाला, आणि जमीन सपाट करा. स्वयंपाकघरातून बागेपर्यंत एकच जमीन पाहिजे. एवढंच मागते मी पन्नास वर्षांत."

"एवढंच म्हणे," विल्फ म्हणाला. पण हसत म्हणाला.

आता गंमत अशी की मधलं दार काढलं, की ती काचखोली राहत नाही. ती घराचा भाग होते, आणि घराला जे नियम ते तिला लागतात. छप्पर कौलारू म्हणजे जड. जड म्हणजे खाली पाया पाहिजे. अर्ज मीच भरून दिला, जुनी सवय. जूनमध्ये इमारत खात्याची तपासनीस आली. कर्स्टी ब्लेंकिन, तिशीची, हेल्मेट काखेत, मोजपट्टी कमरेला.

तिच्यासाठी नोरीनने चहा केला. इथे पायाखोद्या लोकांत एक ठाम समजूत आहे, की तपासनीसाने दुसरा कप घेतला तर काम पास. विल्फने चहा पुढे केला, तर ती पोरगी पाण्याची बाटली दाखवून म्हणाली, "माझं आहे, धन्यवाद." विल्फचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"पाया किती आहे, मिस्टर स्टॅथर्स?"

"तीन फूट. लिहून घे, पोरी."

"लिहिते की. पण बघून लिहिते. त्या कोपऱ्यात भिंतीला लागून एक खड्डा घ्या, पायाचा तळ दिसला पाहिजे. पुढच्या गुरुवारी येते."

जाता जाता तिने कुंपणावरून माझ्या बागेकडे बघितलं. "हे नासपतीचं झाड कोणाचं?" मी पटकन पडद्यामागे सरकले. झाडं चिकणमातीतलं पाणी ओढतात, माती आकसते, आणि मग पाया आणखी खोल घ्यावा लागतो, हे मला कोण सांगणार? मीच टाईप करायचे ते शेरे. ते झाड मी लावलं त्याला पंचवीस वर्षं झाली. पाडायला सांगितलं तर काय करायचं, या काळजीने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

पण खरी काळजी पलीकडे चालली होती. शुक्रवारी विल्फची पाठ दुखली. शनिवारी रग्बीची मॅच. रविवारी पाऊस आला, आणि तोही इतका बारीक की माझे वाळत घातलेले कपडेसुद्धा भिजले नाहीत. सोमवारी मी खिडकीतून पाहिलं, तर हा बाबा फावडं घेऊन त्या कोपऱ्यात उभा. फावडं मातीत घालतो, काढतो, माती थापटतो, इकडे तिकडे बघतो. आणि मग त्याने काय केलं, तर पावसाचं पाणी साठवायचं पिंप ढकलत ढकलत आणून नेमकं त्या कोपऱ्यात ठेवलं.

संध्याकाळी तो नोरीनला म्हणाला, "मी काय म्हणतो, राहू दे ना. कशाला तोडफोड? चांगला जाड गालिचा घेऊ. आणि नाचायला क्लबाचा हॉल आहे की."

नोरीनने फ्रीजवर लावलेली पाहुण्यांची यादी काढली, घडी घातली आणि खणात ठेवून दिली. मला हे तिने मंगळवारी सकाळी सांगितलं, कपडे वाळत घालताना, चिमटा तोंडात धरून. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

माझं डोकं फिरलं. त्या दिवशी दुपारी आमच्या मागच्या गल्लीत, म्हणजे जिला इथे सगळे दहाफुटी म्हणतात तिथे, विल्फ कचऱ्याचे डबे बाहेर काढत होता. मी माझा डबा घेऊन पोचले.

"काय रे, लाज नाही वाटत? पन्नास वर्षांत एक गोष्ट मागितली तिने."

"विजी, तुला नाही कळायचं."

"मला नाही कळायचं? सव्वीस वर्षं शेरे टाईप केलेत मी. खड्डा का घेत नाहीस?"

तो निळ्या डब्याचं झाकण उघडून आत बघत राहिला, जणू उत्तर तिथे आहे. मग म्हणाला, "खाली काही नाहीये."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे पाया नाही. आधी तिथे अंगण होतं. फरसबंदी. शनिवारी आम्ही खणायला घेतलं, तेवढ्यात क्लबातल्या लेन मेडफोर्थने बियर उघडली. सुट्टीमुळे काँक्रीटवाला बंद. मी म्हटलं, अंगण घट्ट आहे, कडेने दहा इंच खणू आणि भिंत उभी करू, पुढच्या वसंतात नीट करीन. अंगणाला उतार होताच, पाणी वाहून जायला. तोच उतार आत आला. पुढचा वसंत काही आलाच नाही." त्याने झाकण लावलं. "शहरात निम्म्या घरांखाली मी आहे, विजी. आणि माझ्या बायकोच्या पायाखाली दहा इंच. ती आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलीय, माझ्या विल्फचा पाया तीन फूट. कोणत्या तोंडाने खड्डा दाखवू?"

मला भांडायचं होतं ते राहूनच गेलं. एवढा धिप्पाड माणूस, आणि कचऱ्याच्या डब्याला धरून उभा. मी म्हटलं, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, विल्फ. गुरुवारी ती पोरगी येणारच आहे. आज रात्री नोरीनला सांग."

तो "सांगतो" म्हणाला. मंगळवारी सांगितलं नाही. बुधवारी तर नाहीच नाही.

गुरुवारी सकाळी तो पाव आणायला म्हणून बाहेर पडला, आणि पाव आणायला कुणाला एक तास लागत नाही. मला वाटलं, पळाला. तेवढ्यात कुंपणापलीकडून खरडल्याचा आवाज आला. मी बाहेर येऊन बघते, तर पिंप बाजूला सरकवलेलं, आणि नोरीन गुडघ्याखाली उशी घेऊन त्या कोपऱ्यात बसलेली. हातात काय, तर फुलांचे कंद लावायचं छोटं खुरपं.

"नोरीन! अगं गुडघा!"

"गुडघा नवा आहे, तुझ्या फ्रीजपेक्षा नवा," ती म्हणाली. "आणि झालंच माझं. वीस मिनिटं लागली. ट्यूलिपला याहून जास्त वेळ लागतो."

पुढच्या दाराने कर्स्टी ब्लेंकिन आली, मागच्या दाराने पाव घेऊन विल्फ. दोघं एकदमच कोपऱ्यात पोचले. विल्फने बायकोला बघितलं, खुरपं बघितलं, खड्डा बघितला. भिंतीच्या विटा, खाली काँक्रीटचा एक पातळ थर, आणि खाली नुसती माती. कर्स्टीने मोजपट्टी सोडली, पण आकडा नोरीननेच सांगितला.

"दहा इंच."

विल्फच्या हातातली पावाची पिशवी खाली लोंबत होती. तो म्हणाला, "नोरीन, मी सांगणार होतो..."

"काय सांगणार होतास? सँडविच मी आणून देत होते ना तुम्हा पाचजणांना तेव्हा? खड्ड्यात उभा राहिलास तर तुझ्या बुटांच्या नाड्या दिसत होत्या मला. तीन फुटांत नाड्या दिसतात?"

"तुला माहीत होतं? तेहतीस वर्षं?"

"तेहतीस वर्षं मी वाटाणे वेचतेय, विल्फ्रेड. मला काय आंधळी समजतोस? तू क्लबात तीन फूट म्हणालास, मग मीही तीन फूट म्हटलं. नवऱ्याचा शब्द बायकोने चारचौघांत खाली पाडायचा नसतो. पण म्हणून माझं नाचणं तू खाली पाडायचं नाहीस. गालिचा म्हणे."

मग विल्फला हसू फुटलं. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हसतोय की रडतोय ते कळेना, तशी नोरीनने त्याला हात दिला, म्हणजे उठायला स्वतःसाठी मागितला, आणि दोघं एकमेकांना धरून उभे राहिले. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

कर्स्टी वहीत लिहीत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आमच्या खात्यात अजून जादाच्या फुटाला एक स्टॅथर्स म्हणतात. मला वाटायचं, तो माणूस वारला असेल."

"मग इथे किती लिहिणार?" विल्फने डोळे पुसत विचारलं.

"उणे दोन स्टॅथर्स." आणि मग ती गंभीर झाली. चिकणमाती, जड छप्पर, पलीकडे झाड. पाच फूट खोल पाहिजे. भिंत पाडायची नसेल तर तिच्याखाली मीटर-मीटरच्या तुकड्यांत खणायचं, एक तुकडा खणून भरायचा, मग लांबचा दुसरा, शेजारचा लगेच नाही. प्रत्येक तुकडा भरण्याआधी ती बघणार. "झाड काढलं तर थोडं कमी चालेल का, ते मात्र मला बघावं लागेल."

विल्फने माझ्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं.

"झाड राहू दे," तो म्हणाला. "त्या नासपतीचा मुरांबा दर वर्षी खातो मी. आम्ही खाली जाऊ."

माणूस काय असतो, ते मला त्या वाक्यात कळलं. दहा इंच गेले खड्ड्यात.

जुलै-ऑगस्टचे दिवस आमच्या गल्लीला सणासारखे गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचा विल्फ, एकाहत्तर वर्षांचा लेन मेडफोर्थ, आणि अकरा तुकडे. त्यांच्या मुलीने ठेकेदार लावायला सांगितलं, तर विल्फ म्हणाला, "छप्परवाले येऊ देत वरती. खालचं माझं आहे." लेनला बियर बंद होती. नोरीनने सांगून ठेवलं होतं, की मागच्या वेळी तुझ्या बाटलीने दोन फूट दोन इंच प्यायले. तो बिचारा मुकाट्याने बादल्या ओढायचा. मी कांदाभजी करून न्यायचे. इथे बटाट्याच्या चिप्सवर जो तांबडा मसाला भुरभुरतात तो विल्फ माझ्या भज्यांवर घालायचा. पहिल्यांदा मी रागावले, मग मीही घालायला लागले.

कर्स्टी अकरा वेळा आली. अकरा वेळा पट्टी सोडली. प्रत्येक वेळी सहा फूट भरले, पाच नाही. दर वेळी विल्फ कप पुढे करायचा, आणि दर वेळी ती बाटली दाखवायची. "पोटात पाया नाही या पोरीच्या," विल्फ कुरकुरायचा.

मग आतली जमीन. जुनं अंगण फोडलं तेव्हा नोरीन खुर्ची टाकून बघायला बसली, नाटकाला बसावं तशी. खडी दाबली, वाळू पसरली, त्यावर ओल अडवणारं जाड प्लास्टिक, आणि त्यावर वीतभर जाडीचे ते ऊब धरणारे थर्मोकोलसारखे पांढरे फळे. "फ्रीज बांधतोय की खोली?" विल्फ म्हणाला, पण प्रत्येक फळा कापून असा बसवला की फटीत नख जाणार नाही. काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी त्याने स्वतःच एक कोपरा उचकटला. प्लास्टिक भिंतीवर चार बोटं कमी चढलं होतं.

"कोण बघणार आहे ते?" लेन म्हणाला.

"मी बघितलंय ना," विल्फ म्हणाला, आणि पुन्हा लावलं.

त्या दिवशी कर्स्टीने गुडघ्यावर बसून चारी कडा तपासल्या, पाण्याची लेव्हल चार ठिकाणी धरली, वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. मग म्हणाली, "चहा आहे का?" विल्फ आणि लेन एकमेकांना धडकले किटलीसाठी. तिने कप संपवला, आणि रिकामा कप पुढे केला. नोरीनने दुसरा भरताना किटलीचं झाकण खाली पाडलं.

छप्पर दोन दिवसांत बसलं. मधलं दार निघालं. पंधरा तारखेला संध्याकाळी पाचला स्वयंपाकघरापासून बागेपर्यंत एकच लाकडी जमीन, आणि तीस माणसं. टेबल आणून ठेवलं, त्यावर मांस-बटाट्याच्या पायची परात ठेवली, आणि परात हळूहळू घराच्या बाजूला सरकायला लागली. सगळे ओरडले. विल्फ गुडघे टेकून टेबलाखाली गेला आणि बाहेर आला तो लालबुंद होऊन. १९९६ साली, पुठ्ठे पुरेनात म्हणून, त्याने टेबलाचे घराकडचे दोन पाय करवतीने कापले होते. उतार गेला, आणि टेबल वाकडं पडलं.

"खणात पुठ्ठे आहेत," नोरीन म्हणाली. "सगळेच्या सगळे ठेवलेत मी." पुठ्ठे आले, पायांखाली गेले, परात थांबली.

मग तिने ताटातला एक वाटाणा उचलला. खोलीच्या मधोमध गेली, वाकली, म्हणजे नवीन गुडघ्यावर वाकली, आणि वाटाणा जमिनीवर ठेवला. तीस माणसं त्या वाटाण्याकडे बघत होती. मी सवयीने दारापाशी पाय आडवा घालून उभी होते. वाटाणा बसून राहिला.

"लाव गाणं," ती म्हणाली.

वॉल्ट्झ सुरू झाला. विल्फच्या बुटांना त्या दिवशी माती नव्हती. पहिल्या फेरीला दोघं नीट फिरले, दुसऱ्या फेरीला दोघंही घराच्या बाजूला कलायला लागले आणि थेट फ्रीजला जाऊन टेकले. तेहतीस वर्षं उतारावर राहून अंगाला तशी सवय लागली होती.

"सरळ उभा राहा की, विल्फ!"

"तूच ढकलतेस!"

"मी नाही, तुझे ते दहा इंच ढकलतायत. सोड आता त्यांना." तिने त्याचा खांदा धरून त्याला सरळ केलं, आणि मग ते तासभर नाचले. वाटाण्याभोवतीने नाचले, आणि त्याच्यावर कुणीही पाय दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परात परत द्यायला गेले, तर विल्फ झाडू मारत होता. वाटाणा मधोमध होता तिथेच होता, आणि तो त्याच्या भोवतीने झाडत होता.